गिरिडीहच्या वाटेने

शिखरजीच्या यात्रेला निघालेला आजचा मराठी यात्रेकरू पारसनाथ स्टेशनावर उतरतो. मुंबईहून निघणारी हावडा मेल भुसावळ, जबलपूर, प्रयागराज, गया करीत तिथे पोचते. ईसरीच्या बाजारातून मोटार मिळते आणि तासाभरात मधुबन येते. वाट सोयीची आहे, तिच्यात खोट काढण्याजोगे काही नाही. आम्ही मात्र गेल्या माघ महिन्यात ती सोडून जुन्या वाटेने गेलो. पाटण्याच्या बाजूने मधुपूर, मधुपूरहून फाट्याच्या गाडीने गिरिडीह आणि तिथून सडकेने बराकर नदी ओलांडून मधुबन, असा हा द्राविडी प्राणायाम माझ्या काकींच्या आग्रहाखातर झाला.

काकींचे वय ७८. शिखरजीची वंदना त्यांनी पूर्वी तीन वेळा केली आहे आणि तिन्ही वेळा त्या पारसनाथ स्टेशनावरच उतरल्या होत्या. या वेळी त्यांना डोंगर चढायचा नव्हता. त्यांच्या पिशवीत एक लहानशी पितळी डबी होती आणि ती रिकामी करण्यासाठी त्या निघाल्या होत्या.

त्या डबीची हकीकत आमच्या घरात सर्वांना माहीत आहे. माझ्या पणजी, म्हणजे काकींच्या आजेसासूबाई, नव्या सुनेच्या वयात खानदेशातून शिखरजीला गेल्या. तो काळ संवत १९६० च्या आसपासचा, म्हणजे इसवी सनाच्या हिशेबाने १९०३-०४. परत येताना त्यांनी बराकर नदीच्या पात्रातली चिमूटभर वाळू पदराच्या गाठीत बांधून आणली आणि ती डबीत घालून देवघरात ठेवली. घरात कोणी परीक्षेला, कोणी पेढीच्या मुहूर्ताला निघाले की त्या डबीला हात लावून निघे. काकी लग्न होऊन आल्या तेव्हा पणजी ऐंशीच्या घरात होत्या आणि डबीची व्यवस्था त्यांनी काकींकडे सोपवली. काकींनी ती साठ वर्षे सांभाळली, पण एक खटक मनात ठेवून. एकदा पर्युषणात तिसऱ्या व्रतावरचे व्याख्यान ऐकून त्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "दिल्यावाचून घेणे म्हणजे अदत्तादान. मग ती वाळू बाईंना कोणी दिली होती?" आम्ही हसलो. काका म्हणाले, "अगं, तीर्थाची रज आहे ती." काकी काही बोलल्या नाहीत. काका गेल्यावर दोन वर्षांनी त्यांनी मला एवढेच सांगितले, "बाई ज्या स्टेशनावर उतरल्या, तिथेच मला उतरव. पुढचे मी बघते."

पणजी गिरिडीहला का उतरल्या, या प्रश्नाचे उत्तर कोळशात आहे.

ईस्ट इंडियन रेल्वेची पहिली गाडी १५ ऑगस्ट १८५४ रोजी हावड्याहून हुगळीला गेली. पुढल्या सहा महिन्यांत, फेब्रुवारी १८५५ मध्ये, कंपनीने आपले रूळ राणीगंजला नेऊन भिडवले. राणीगंज हे तीर्थ नव्हते की राजधानी नव्हती. तिथे कोळसा होता. पुढे दिल्लीकडे जाणारा मुख्य मार्ग राजमहाल आणि साहिबगंजवरून गंगेच्या काठाकाठाने मोठा वळसा घेऊन गेला. हा वळसा टाळण्यासाठी कंपनीने राणीगंजच्या बाजूने मधुपूर, झाझा यांवरून थेट किऊलला मिळणारा जवळचा मार्ग बांधला. तो १८७१ मध्ये खुला झाला आणि त्याच वर्षी मधुपूरहून गिरिडीहपर्यंतचा सुमारे ३८ किलोमीटरचा फाटाही. या फाट्याच्या शेवटी करहरबारीचे कोळसाक्षेत्र होते. झरिया-राणीगंजच्या मानाने ते अगदीच लहान, पण इंजिनाच्या बाष्पकासाठी तिथला कोळसा बंगालमधल्या उत्तम कोळशांत गणला जाई. भूगर्भशास्त्रज्ञांनी एका विशिष्ट काळातल्या खडकांच्या थरांना या गावावरून 'करहरबारी' हे नाव दिले आणि ते आजही पाठ्यपुस्तकांत आहे.

इतर ठिकाणी रेल्वे कंपनी कोळशाची गिऱ्हाईक असे; गिरिडीहला ती स्वतःच खाणमालक झाली. एवढ्यावर न थांबता तिने आसपासची जमीनदारीही हाती घेतली आणि मजुरांना कसायला जमिनीचे तुकडे दिले. अट अशी की, त्यांनी खाणीत काम केले पाहिजे. खाण, रूळ, इंजिन आणि मजुराच्या घराखालची जमीन, सर्व एकाच धन्याचे. व्यापाराची जाण असलेल्या वाचकाला या व्यवस्थेतला हिशेब लगेच ध्यानात येईल आणि त्यातली मजुराची कोंडीही. संथाळ आणि परिसरातल्या इतर जातींची कुटुंबेच्या कुटुंबे खाली उतरत. पुरुष कोळसा फोडी आणि बायका टोपल्यांनी वाहत. जमिनीखालचे स्त्रियांचे काम बंद करण्याचे नियम १९२९ मध्ये झाले, तेही टप्प्याटप्प्याने अमलात आले.

आम्ही मधुपूरला फाट्याच्या गाडीत बसलो तेव्हा डब्यात बहुतेक भाजीवाले, शाळेची मुले आणि कोर्टकचेरीच्या कामाला निघालेले लोक होते. जगदीशपूर, महेशमुंडा अशी स्टेशने गेली. लाल माती, मधूनच उघडा पडलेला काळा खडक, मोहाची आणि पळसाची झाडे. पळस नुकता फुलू लागला होता. काकी खिडकीशी बसून नवकार मोजत होत्या. गिरिडीह जवळ येऊ लागले तसे नैर्ऋत्येला धुरकट निळ्या रंगाची एक उंच कड दिसू लागली. समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी न विचारताच सांगितले, "पारसनाथ पहाड." काकींनी माळ थांबवली आणि हात जोडले. पणजी सांगत त्यातले हेच वाक्य काकींना पाठ होते: तीन दिवस काजळी खाल्ल्यावर खिडकीतून डोंगर दिसला तेव्हा डब्यातल्या सगळ्या बायका उभ्या राहिल्या.

गिरिडीहचे स्टेशन पाहून कोणी थक्क होणार नाही. मुंबईच्या बोरीबंदरासारखे घुमट नाहीत, मनोरे नाहीत. ज्या कंपनीने ते बांधले तिला प्रवाशांना दिपवायचे नव्हते, वाघिणी भरायच्या होत्या. रूळ येऊन इथे संपतात. एवढ्याच गोष्टीने त्या जागेला वेगळेपण आले आहे, कारण आपल्याकडची बहुतेक स्टेशने वाटेवरची असतात, हे शेवटचे आहे. गाडी पुढे जाणार नाही म्हटल्यावर उतरण्याची घाई कोणालाच नव्हती. काकी फलाटावर उतरून बाकावर बसल्या, डबी काढून पाहिली, परत ठेवली. मी मागे-पुढे फिरून आलो. इथूनच सबंध उत्तर हिंदुस्थानातल्या इंजिनांच्या पोटात जाणारा कोळसा निघाला, आणि इथेच खाकऱ्यांचे डबे, उकळलेल्या पाण्याचे तांबे आणि वळकट्या घेऊन आपली माणसे उतरली.

रेल्वेपूर्वी ही यात्रा कशी होई, हे आठवल्याशिवाय या लहानशा फलाटाचे मोल कळत नाही. शिखरजी म्हणजे वीस तीर्थंकरांची निर्वाणभूमी. चोविसांपैकी फक्त आदिनाथ, वासुपूज्य, नेमिनाथ आणि महावीर यांची निर्वाणस्थाने अन्यत्र आहेत. तरीही महाराष्ट्रातल्या सामान्य जैन कुटुंबाला शिखरजी हे नाव स्तवनातच ऐकायचे ठिकाण होते. एखादा श्रीमंत संघपती संघ काढी, शेकडो माणसे महिनोन्महिने चालत आणि निघताना घरच्यांचा निरोप कायमचा असल्यासारखा घेत. अशा संघाला छ-री पालित संघ म्हणतात. पायी चालणे, एकवेळ जेवणे, भूमीवर निजणे असे सहा नियम पाळायचे. मुर्शिदाबादचे जगत्शेठ घराणे शिखरजीच्या मानाने जवळचे, म्हणून अठराव्या शतकात डोंगरावरच्या टोंकांच्या जीर्णोद्धाराला तेच पुढे आले. आपल्या भागातल्या किराणा दुकानदाराच्या कुवतीतली ती गोष्ट नव्हती.

मार्च १८७० मध्ये मुंबईहून निघालेले ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ जबलपूरला ईस्ट इंडियन रेल्वेच्या रुळांना मिळाले आणि मुंबई-कलकत्ता असा सलग लोहमार्ग तयार झाला. पुढल्याच वर्षी गिरिडीहचा फाटा उघडला. दोन वर्षांत, आणि या दोन्ही कामांत कोणाच्याही मनात यात्रेकरू नसताना, शिखरजी भुसावळपासून काही दिवसांच्या अंतरावर आले. विदर्भातल्या मंडळींना आणखी वीस वर्षे थांबावे लागले. १८९१ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे आसनसोलपर्यंत पोचली, तेव्हा नागपूरहूनही सरळ वाट झाली. विधवा, म्हातारी माणसे, तान्ही मुले घेतलेल्या बाया, ज्यांना पायी संघात कोणी घेतले नसते, ती सारी तिसऱ्या वर्गाचे तिकीट काढून निघाली. स्टेशनापासून पुढे बैलगाड्यांनी बराकरचे पात्र उतरून मधुबन गाठायचे. रेल्वेने केलेली यात्रा पुण्याची किती, असा वाद जुन्या माणसांत होत असे, असे पणजी सांगत. त्यांचे स्वतःचे म्हणणे असे होते की डोंगरावरचे सत्तावीस किलोमीटर आगगाडी चालत नाही, तेव्हा वाद कशाला? (किलोमीटर हा शब्द अर्थात काकींचा. पणजी नऊ कोस म्हणत.) साधु-साध्वींना मात्र वाहन वर्ज्य, त्यांच्या विहारात १८७१ च्या आधी आणि नंतर काहीच बदलले नाही.

आता एक गोष्ट, जी लिहावी की नाही याचा मी विचार केला. वंदित्तु म्हणताना आपण श्रावकाला वर्ज्य असलेली पंधरा कर्मादाने म्हणतो. त्यांत पहिले अंगारकर्म: निखारे, भट्ट्या यांवर चालणारी उपजीविका. पाचवे स्फोटकर्म: भूमी फोडून, खणून केलेला धंदा. चौथे भाटककर्म: गाड्या भाड्याने चालवणे. गिरिडीहच्या फलाटावर बसून या तिन्हींची आठवण होणे अपरिहार्य आहे. ज्या कर्मांची आपण आलोचना करतो, त्याच तीन कर्मांनी आपल्याला शिखरजीच्या पायथ्याशी आणून सोडले. मी हे काकींना बोलून दाखवले. त्या म्हणाल्या, "मग चालत यायचे होते." थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाव्या तसे म्हणाल्या, "पण बाईंना चालत कोणी येऊ दिले असते?" स्टेशनाबाहेर पडलो तर सडकेवरून सायकलींच्या दोन्ही बाजूंना कोळशाची पोती लादून माणसे त्या सायकली हाताने ढकलत नेत होती. चढावर एकाची सायकल थांबली की मागचा येऊन रेटा देई. कंपनीच्या खाणी १९५६ मध्ये सरकारी कोळसा महामंडळाकडे गेल्या आणि पुढे कोल इंडियाकडे. कबरीबादला उघडी खाण आहे. ही सायकलवाली माणसे मात्र कोणाच्याच हजेरीपटावर नसतात. याच माणसांचे संथाळ शेजारी पारसनाथाला मरांग बुरू, म्हणजे थोरला डोंगर, म्हणून पूजतात.

कोळशाशिवाय गिरिडीहला अभ्रकाचाही व्यापार होता आणि हवाही चांगली. कलकत्त्याचे सुखवस्तू बंगाली हवापालटासाठी येत, बंगले बांधत. जगदीशचंद्र बोस यांचे निधन २३ नोव्हेंबर १९३७ रोजी याच गावी झाले. सत्यजित राय यांनी आपल्या कथांतल्या प्रोफेसर शंकूचे घरही गिरिडीहला, उश्री नदीच्या काठी ठेवले. आपल्या मुलांनी त्या कथा वाचल्या असतील तर हे गाव त्यांना आपल्याआधी ठाऊक असेल.

त्या काळात पारसनाथ पहाडाकडे नजर गेलेले सगळेच हात जोडणारे नव्हते. १८६० च्या दशकात काही वर्षे गोऱ्या शिपायांचे आरोग्यधाम डोंगरावर होते. पुढे एका युरोपीय मळेवाल्याने तिथे डुकरांची चरबी काढण्याचा उद्योग मांडला. त्याविरुद्धच्या खटल्यासाठी महुव्याचे वीरचंद राघवजी गांधी कलकत्त्याला जाऊन राहिले, कागदपत्रे वाचता यावीत म्हणून बंगाली शिकले, आणि तो उद्योग बंद करवूनच परतले. १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत जैन धर्माची बाजू मांडणारे ते हेच. शिकागोचे भाषण आपण मुलांना सांगतो. हा खटलाही सांगायला हवा.

गिरिडीह स्टेशनाचे यात्रेतले दिवस पस्तीस वर्षेच टिकले. ६ डिसेंबर १९०६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो यांच्या हस्ते गयेवरून जाणाऱ्या ग्रँड कॉर्ड मार्गाचे उद्घाटन झाले. हा मार्ग पारसनाथ पहाडाच्या दक्षिण अंगाने जातो. ईसरीला पारसनाथ नावाचे स्टेशन झाले, मुंबईच्या गाड्या त्या मार्गाने धावू लागल्या आणि यात्रेकरूंना गाडी न बदलता डोंगराच्या पायथ्याशी उतरता येऊ लागले. गिरिडीहला कोळसा उरला. तोही पुढे आटत गेला.

या बदलात यात्रेकरूंची जी एक गोष्ट हुकली, तिच्यासाठीच आम्ही आलो होतो. गिरिडीह-मधुबन सडकेवर सुमारे बारा किलोमीटरवर बराकर नदी लागते. श्वेतांबर परंपरेने ही नदी ऋजुवालिका मानली आहे. दिगंबर ग्रंथांत ऋजुकूला हे नाव येते. साडेबारा वर्षांच्या साधनेनंतर, वैशाख शुद्ध दशमीला, श्यामाक नावाच्या गृहस्थाच्या शेतात, सालवृक्षाखाली, गोदोहिका आसनात बसलेल्या भगवान महावीरांना याच नदीच्या काठी केवलज्ञान झाले. गिरिडीहला उतरणारा प्रत्येक यात्रेकरू ही नदी ओलांडूनच शिखरजीला पोचे. निर्वाणभूमीच्या आधी केवलज्ञानभूमीला पाय लागत. ईसरीहून जाणाऱ्याच्या वाटेत नदी येत नाही. मुद्दाम वाकडी वाट करावी लागते, आणि चौदा माणसांचा जथा दोन दिवसांची सवड काढून आलेला असतो तेव्हा ती कोण करतो? काकींनी स्वतः तीन यात्रांत केली नव्हती.

नदीकाठच्या मंदिरात दर्शन करून आम्ही पात्राकडे उतरलो. माघात पाणी थोडे असते. रुंद पांढुरकी वाळू आणि मधून वाहणाऱ्या दोन-तीन धारा. पलीकडच्या काठावर एक मुलगा म्हशी धूत होता. काकींनी पाण्यात पाय घातला नाही, त्या कधीच घालत नाहीत. पाण्यापासून हातभर अलीकडे कोरड्या वाळूत बसल्या. मी आधार द्यायला पुढे झालो तर म्हणाल्या, "तू मागेच राहा." त्यांनी तीन नवकार म्हटले, मिच्छा मि दुक्कडं म्हटले आणि डबी उपडी केली. शंभराहून अधिक वर्षे देवघरात राहिलेली वाळू वासक्षेपाच्या स्पर्शाने पिवळसर झाली होती. खालच्या पांढऱ्या वाळूवर तिचा नाण्याएवढा ठिपका पडला. काकी तो ठिपका बराच वेळ पाहत बसल्या. मग बोट न लावताच उठल्या. डबी पदराने पुसली आणि पिशवीत ठेवली.

मी विचारले, "काकी, आता डबीत काय ठेवणार?"

"रिकामी राहू दे," त्या म्हणाल्या. "मुलांना हात लावायची सवय आहे."

ज्यांना या वाटेने जायचे असेल त्यांनी मधुपूरहून सकाळची गाडी पकडावी, म्हणजे गिरिडीहला उतरून, नदीचे दर्शन घेऊन दिवस मावळण्याच्या आत मधुबनला जेवण होते. गिरिडीह ते मधुबन अंतर सुमारे तीस किलोमीटर आहे, सडक बरी आहे, वाहने स्टेशनाबाहेर मिळतात. भाडे आधी ठरवावे आणि नदीवर अर्धा तास थांबायचे आहे हेही आधीच सांगावे. आमच्या गाडीवाल्याला ते सांगायचे राहिले होते. तो सडकेवर दोनदा भोंगा वाजवून शेवटी स्वतःच खाली आला आणि काकींना बसलेले पाहून काही न बोलता, चपला काढून, थोड्या अंतरावर उभा राहिला.